चालू ट्रॅक्टरवरून उतरवलेली बॅटरी

खट्.

गोपिकेनं स्वयंपाकघरातलं बटण दाबलं. दिवा लागला नाही. लागणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण हाताला सवय असते. आदल्या दिवशीच्या वादळानं गावाबाहेरचे विजेचे खांब आडवे पाडले होते. घरात पंख्याची घरघर नव्हती, विहिरीवरची मोटर मुकी होती. त्या शांततेत तो एवढासा आवाज थेट अंगणात माझ्यापर्यंत पोचला.

मित्रांनो, मी त्याच अंगणात उभ्या असलेल्या लहान ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. तेव्हा बॉनेटखाली एका लोखंडी तबकात पट्टीनं आवळून बसवलेली. माझं वय आता झालं आहे, अंगावर तेजाबाचे डाग आहेत, उचलायचा एक कान थोडा फुटलेला आहे. पण सांगण्यासारखं माझ्याजवळ काही आहे, म्हणून ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. शिशाच्या जाळीदार पट्ट्या एकमेकींना न टेकता ओळीनं उभ्या केल्या, मध्ये पातळ पडदे सरकवले आणि वरून तेजाब ओतलं. पहिल्यांदा वीज अंगात शिरली तेव्हा मी आतून बुडबुडले. तेच माझं पहिलं रडणं समजा. मग काटोलच्या एका दुकानाच्या फळीवर काही काळ धूळ खात बसले, आणि तिथून नरखेड तालुक्यातल्या या गावी, नानाजींच्या घरी आले.

नानाजींची संत्र्याची बाग होती. मोठा ट्रॅक्टर झाडांच्या दोन ओळींमध्ये शिरला की फांद्या मोडतो, म्हणून त्यांनी हा लहान, अरुंद अंगाचा ट्रॅक्टर घेतला होता. इंजिनाच्या कुशीत पट्ट्यावर फिरणारा एक अल्टरनेटर होता. आमचा तिघांचा संसार सोपा होता. सकाळी मी इंजिनाला पहिला झटका द्यायचा, इंजिनानं अल्टरनेटरला फिरवायचं, आणि अल्टरनेटरनं वीज तयार करून मला परत भरायचं. दिलं तेवढं लगेच मिळायचं. मला कधी उपाशी राहावं लागलं नाही.

आमच्या गावात एक रीत होती. कुणाचा ट्रॅक्टर सुरू झाला नाही की तो शेजाऱ्याकडे बॅटरी मागायला जायचा. फार पूर्वी, डायनमोचे जुने ट्रॅक्टर होते तेव्हा, तीन घरांत मिळून एकच चांगली बॅटरी असायची. एकाचं इंजिन सुरू केलं की ते चालू असतानाच बॅटरी सोडवायची आणि दुसऱ्याकडे न्यायची. इंजिन आपलं चालत राहायचं. नानाजींचं तरुणपण त्याच रीतीत गेलं होतं. त्यांच्या दारी आलेला माणूस बॅटरीशिवाय परत गेला नाही. मी त्यामुळे गावभर फिरले. लग्नाच्या मांडवात भोंगा वाजवला, क्रिकेटच्या सामन्याला टीव्ही चालवला, कुणाची बंद पडलेली जीप सुरू करून दिली. ‘नानाजीची बॅटरी आणा, ती दगा देत नाही,’ असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

पण कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी माझं झाकण उघडून पाणी पाहिलं नाही. माझ्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साठत गेली. आतलं पाणी आटून पट्ट्यांची टोकं उघडी पडली. तरीही मी रोज सकाळी झटका देत होते, म्हणून सगळ्यांना वाटायचं की माझं बरं चाललं आहे.

मग या घरात गोपिका सून म्हणून आली. नागपुरात काटोल नाक्यावर तिच्या वडिलांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी ती तिथंच गृहपाठ करायची. आल्यावर थोड्याच दिवसांत तिनं बॉनेट उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि चुलीवर पाणी तापवायला ठेवलं. गरम पाण्यानं तिनं माझी टर्मिनलं धुतली, जुन्या टूथब्रशनं घासली, वर व्हॅसलीन लावलं, आणि आत बॅटरीचं पाणी भरलं. तान्ह्या बाळाचं न्हाणं करावं तसं तिनं ते केलं. पुढं तिला खरोखर बाळ झालं. मिनल तिचं नाव. मिनलला मांडीवर घेऊन ती कधीमधी माझ्यात पाणी भरायला यायची, आणि मिनल माझ्याकडे बोट दाखवून हसायची.

आता वादळाचं सांगते. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर गारपीट झाली आणि मागून वारा सुटला. बागेतली कित्येक झाडं फाटली. मोडली नाहीत, फाटली. फांदी अर्धी तुटून सालीला लटकलेली, आणि तिच्या वजनानं साल खालपर्यंत सोलत चाललेली. अशा जखमेत पाणी मुरलं की बुरशी धरते, डिंक गळतो आणि उभं झाड सुकतं. जखम सपाट कापून तिच्यावर बुरशी रोखणारं निळं मोरचूद आणि चुना कालवून केलेला मलम लावला, तर झाड जगण्याची आशा असते. पण ते पुढच्या पावसाआधी करावं लागतं, आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं.

नानाजी बाग फिरून आले आणि ओट्यावर बसले. चहा थंड झाला तरी त्यांनी कप उचलला नाही. वादळानं पडलेली झाडं हटवायला एक जेसीबी गावात शेतोशेती फिरत होता, दोन-चार दिवसांत आपल्याकडेही येणार होता. आला की सगळी बाग उपटून टाकू आणि तूर पेरू, असं त्यांनी सांगून टाकलं. त्यांचा आवाज शांत होता. रागावलेल्या माणसाला समजावता येतं, शांत झालेल्याला समजावणं कठीण.

गोपिकेचा नवरा जितेंद्र फर्निचर बसवण्याचं काम करतो. तो ठेकेदाराबरोबर रायपूरला गेलेला होता. त्यामुळे जे बोलायचं ते तिलाच बोलायचं होतं.

“मशीन येईपर्यंत मले सवड द्या, मामाजी,” ती म्हणाली. “जेवढे झाडं सावरतील तेवढे राहू द्या. बाकीचे उपटा, मी काही म्हणणार नाही.”

“हातानं किती कापशीन वं तू?” नानाजी म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

मजूर मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण गावात सगळ्यांचंच शेत मोडलेलं होतं. गोपिकेनं एकटीनं हातकरवतीनं सुरुवात केली. एका झाडाला अर्धी सकाळ गेली. तिच्या तळहाताला फोड आले, आणि करवतीच्या हिसक्यानं साल आणखीच सोलली. ती बागेतून परत आली, आणि कोपऱ्यात ठेवलेली जितेंद्रची जुनी विजेची करवत तिला दिसली. हातात धरायची, पुढं लांब दातेरी पातं असलेली. वीज असती तर सरसर कापणारी.

वीज नव्हती. मग तिची नजर माझ्या ट्रॅक्टरवर येऊन थांबली.

वडिलांचं दुकान बंद झालं तेव्हा तिनं तिथून आठवण म्हणून एक इन्व्हर्टर आणला होता. माझ्याकडची बारा व्होल्टची वीज घेऊन घरातल्या विजेसारखी करून देणारा तो लोखंडी डबा. तिनं तो झटकून पुसला. माझ्यापासून त्याच्यापर्यंत तिनं जाड आणि आखूड तारा जोडल्या. मुलांनो, माझ्या विजेचा दाब कमी असतो, त्यामुळे मोठं काम करायला ओघ मोठा लागतो. बारीक तारेतून मोठा ओघ सोडला तर तार तापून वितळते. माझ्या अगदी जवळ तिनं एक फ्यूज घातला, म्हणजे काही बिघडलं तर तो जळेल आणि बाकीचे वाचतील. डोळ्यांवर जितेंद्रचा कामावरचा चष्मा चढवला, आणि मिनलला नानाजींच्या खाटेवर बसवून तिथून हलायचं नाही म्हणून सांगितलं.

ट्रॅक्टर झाडांमध्ये नेऊन उभा केला, पण पहिला प्रयत्न फसला. डिझेल जपून वापरायचं होतं, म्हणून नानाजींनी इंजिन बंद ठेवूनच काम करायला सांगितलं. एका वेळी थोड्याशाच तर फांद्या आहेत, असं वाटून गोपिकाही कबूल झाली. करवत जोरात चालली. एक फांदी, दुसरी फांदी, एक पूर्ण झाड. मी देत राहिले. मला भरणारं कुणी नव्हतं. थोड्याच वेळात इन्व्हर्टर केविलवाणा ओरडायला लागला, आणि इंजिन सुरू करायला चावी फिरवली तर माझ्यातून नुसती टिकटिक आली. शेवटी ट्रॅक्टर उतारावरून ढकलून सुरू करावा लागला. शेजारचे बाबाराव हात लावायला आले होते. धाप लागलेली असतानाही त्यांना थट्टा सुचली.

“नानाजी, सुनबाईनं ट्रॅक्टरले मिक्सर समजलं काय गा?”

“मिक्सर असता तर तुमच्या घरी चटणी नसती पाठवली काय, काकाजी?” गोपिका म्हणाली. नानाजींच्या मिशा हलल्या. वादळानंतर पहिल्यांदाच.

त्यानंतर गोपिकेनं कामाची घडी बसवली. इंजिन चालू, रेस वाढवलेली. एक जखम कापायची, मग करवत खाली ठेवून मलम लावायचा. तो मलम लावेपर्यंत अल्टरनेटर मला भरायचा. मग पुढची जखम. एक श्वास आत, एक श्वास बाहेर, तसं आमचं चाललं. विहिरीची मोटर पण चालवता येईल काय, असं बाबारावांनी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की ती थ्री फेजची आहे, एवढ्याशा बॅटरीचा तो घास नाही. मला ते बरं वाटलं. आपल्याला काय झेपत नाही हे सांगणारं कुणीतरी असावं.

दिवस मावळेपर्यंत नाल्याकडच्या बऱ्याच ओळी झाल्या. पांढऱ्या-निळ्या मलमाचे ठिपके झाडाझाडावर दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घात झाला. गोपिका मिनलला जेवू घालायला आणि मलम कालवायला घरी गेली होती. बागेत आमचं इंजिन चालू होतं आणि नानाजी जवळ बसले होते. तेवढ्यात बाबाराव घाईनं आले. त्यांच्या गोठ्याच्या वाटेवर बाभूळ पडली होती, ती ओढून काढायची होती, आणि त्यांचा ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. नानाजींनी क्षणभरही विचार केला नाही. दारी आलेला माणूस रिकामा जाऊ द्यायचा नाही, हेच त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी खिशातून पाना काढला, इन्व्हर्टरच्या तारा सोडल्या, आणि चालू ट्रॅक्टरवरून मला उतरवलं.

टर्मिनल सुटलं तेव्हा चालकासमोरच्या पाटीवरचे दिवे एकदम लख्ख पेटले आणि विझले. इंजिन चालतच होतं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. बाबारावांनी मला छातीशी धरून नेलं.

काम उरकून त्यांनी मला परत आणून बसवलं. गोपिकाही आली होती. तिनं पाहिलं तर त्या पाटीवरचा, बॅटरी भरत नाही हे सांगणारा लाल दिवा जात नव्हता. तिनं रेस वाढवली, तरी जाईना. मग ती वाकली, अल्टरनेटरजवळ नाक नेलं, आणि तिथंच थांबली. जळक्या वार्निशचा वास येत होता.

“मामाजी, चालू ट्रॅक्टरवरून काढली काय बॅटरी?”

“तशीच तं काढतो आपण,” नानाजी म्हणाले. “बंद करून काहून काढाची?”

तिनं आवाज चढवला नाही. जुना डायनमो वेगळा आणि हा अल्टरनेटर वेगळा, एवढं तिनं समजावून सांगितलं. विहिरीची मोटर जोरात चालू आहे आणि मधूनच कुणी हौदच काढून नेला, असं समजा. पाण्याला जागा उरत नाही, ते पाइपच फोडतं. बॅटरी म्हणजे तो हौद. ती अचानक सुटली की अल्टरनेटरच्या विजेला जागा राहत नाही, आणि तिचा सगळा मार त्याच्याच अंगावर येतो.

नानाजींनी हातातला पाना खाली ठेवला.  आता नवा अल्टरनेटर नागपूरहून येणार केव्हा, आणि आभाळ तर डोक्यावर आलेलं.

“राहू दे पोरी,” ते म्हणाले. “झाले तेवढे झाले. बाकीचे जाऊ दे.”

“जाऊ द्याचे असते तर मी काल कशाले सुरू केलं असतं?” गोपिका म्हणाली, आणि बाबारावांकडे वळली. “काकाजी, तुमचा अल्टरनेटर धड आहे ना?”

बाबाराव तोवर खाली मान घालून उभे होते. आता त्यांनी मान वर केली. “माहा ट्रॅक्टर तुमच्या झाडात घुसत नाही. पण धुऱ्यावर तं उभा राहू शकते.”

तसाच तो उभा राहिला, बांधाच्या कडेला, मोठ्ठा, धडधडत. त्याच्या स्वतःच्या बॅटरीला तारांनी जोडून बाकीच्या बॅटऱ्या भरायच्या आणि आमच्या लहान ट्रॅक्टरवर झाडांमध्ये नेऊन रित्या करायच्या, असं ठरलं. एक बॅटरी कापते आहे, दुसरी भरते आहे. बाबारावांनी फोन करून आणखी दोन घरच्या बॅटऱ्या मागवल्या. नानाजींनी आजवर ज्यांना मला उसनी दिलं होतं, त्यांचीच ती घरं. कुणी कशाला म्हणून विचारलं नाही.

आणि मित्रांनो, बॅटऱ्यांची ने-आण करायला उठले ते नानाजी. वय झालेलं, पाठ दुखणारी. दर वेळी ते आधी स्टॉपची दांडी ओढायचे, इंजिन पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायचे, बॉनेटवर तळवा ठेवून थरथर गेली का ते बघायचे, मगच पान्याला हात लावायचे. बाबारावांनी एकदा घाई केली, तर त्यांच्यावर डाफरले, “थांब गा. आधी त्याले झोपू दे.”

माझी पाळी येत राहिली. खरं सांगायचं तर हे माझं काम नव्हे. माझ्यासारख्या बॅटरीनं एकदम झटका द्यावा आणि लगेच पोट भरून घ्यावं, अशीच आमची घडण असते. तळापर्यंत रितं होणं, भरणं, पुन्हा रितं होणं माझ्या पट्ट्यांना मानवत नाही. दर फेरीला आत काहीतरी झडून तळाशी बसत होतं, मला ते कळत होतं. पण बाहेर करवत चालत होती, गोपिकेच्या कपाळावर भुसा चिकटला होता, आणि मागून मिनल काडीनं मलमाचं डबडं ढवळत येत होती. मी देत राहिले. थांबावं असं मला एकदाही वाटलं नाही.

शेवटच्या ओळीत करवत अर्ध्या फांदीत अडकली आणि माझा जोर संपला. नानाजींनी इंजिन थांबवलं, मला उतरवून दुसरी बॅटरी बसवली, आणि उरलेली फांदी तिनं कापून दिली. मला थोडं वाईट वाटलं, पण फांदी पडली याचा आनंद जास्त होता. मलम लावून त्यावर प्लास्टिक बांधेपर्यंत पहिले थेंब आले.

जेसीबी पाऊस उघडल्यावर आला. चालकानं खिडकीतून वाकून कुठून सुरू करू म्हणून विचारलं. गोपिका मिनलचा हात धरून बाजूला उभी होती.  तिला जे सांगायचं ते झाडांवर लावून झालेलं होतं. नानाजी चालत बागेच्या टोकाला गेले, मुळासकट पडलेली झाडं हातानं दाखवली, आणि म्हणाले, “एवढे उचल. बाकीच्याले हात नको लावू.”

राखलेल्या झाडांतली सगळीच जगतील असं नाही. काही ओळींत कोवळी पालवी फुटली आहे, काही अजून गप्प आहेत. नवा अल्टरनेटर बसला, जितेंद्र रायपूरहून आला, आणि माझ्या जागी नवी बॅटरी आली. तिचं पाणी आता नानाजी स्वतः बघतात. गावात अजूनही बॅटरी उसनी देतात, पण आधी इंजिन बंद होतं.

मी सध्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले आहे. आज बॅटरीच्या दुकानात जाईन, तिथून कारखान्यात; तिथं माझं शिसं वितळवून नव्या बॅटरीच्या पट्ट्या करतील. त्याची मला भीती नाही. तुम्हाला मात्र एक मागते. तुमच्या घरात, गाडीत, ट्रॅक्टरवर माझी एखादी बहीण असेल. ती रोज सकाळी मुकाट्यानं काम सुरू करून देते म्हणजे तिला काहीच लागत नाही, असं समजू नका. तिचं पाणी बघा, तिची टर्मिनलं पुसा. तिच्याकडून घ्याल तेवढं तिला परत भरून द्या. आणि तिला चालू इंजिनावरून कधी ओढून काढू नका. उघड्या हातांनी माझ्या तेजाबाला शिवू नका, ते काम मोठ्यांना करू द्या.

आज सकाळी दुकानात न्यायला गोपिका मला उचलायला आली. तिनं ओल्या फडक्यानं माझ्या अंगावरची धूळ पुसली. न्यायचंच आहे तर पुसायचं कशाला, असं नानाजी म्हणाले, तरी पुसली. मिनल बाजूला उकिडवी बसून पाहत होती. मग तिनं आईचा पदर ओढला.

“आई, हिले माहीत असन काय वं, आपली बाग हिच्यामुळं राहिली म्हणून?”

गोपिकेचा फडक्याचा हात थांबला. तिनं मिनलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “तूच सांग हिले.”